गटचर्चेचा विषय कुणाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आणि सात लाखांहून अधिक शिक्षक आहेत. साधा गुणाकार केला तरी वर्षाकाठी साडेतीन कोटी तास होतात. एवढा वेळ शिक्षक वर्गाबाहेर काढणार असतील किंवा आपल्या सुट्टीतून देणार असतील, तर त्या तासांत नेमके काय बोलले जाते, हा प्रश्न केवळ शिक्षण खात्याचा राहत नाही. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला चार-पाच इयत्ता एकट्याने सांभाळाव्या लागतात. त्या दिवसाची किंमत गावातील मुले मोजतात. केंद्रीय मंडळाशी संलग्न शहरी शाळांनाही हेच ५० तास लागू आहेत. त्यातील निम्मे तास शाळेने आपल्याच आवारात भरवायचे असतात.

धोरणाच्या त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा मात्र फारशी होत नाही. हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनिवडीने ठरावेत, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्षात कार्यशाळेचा विषय वरून येतो. घटकसंच राज्यस्तरावर तयार होतो, जिल्हास्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक घडवले जातात, ते तालुक्यात साधनव्यक्तींना शिकवतात आणि साधनव्यक्ती केंद्रातील शिक्षकांना. या उतरंडीतून विषय खाली येईपर्यंत त्यातला प्रश्न गळून जातो आणि उत्तर तेवढे उरते. मग जेवणानंतरच्या सत्रात ‘गटचर्चा’ असते. सहा-सात जणांचे गट पडतात, तक्त्याचा कागद आणि स्केचपेन वाटले जातात, आणि विषय दिला जातो: ‘नवीन शैक्षणिक धोरण – संधी व आव्हाने’, ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’, ‘मूल्यशिक्षण – काळाची गरज’, फार तर ‘मोबाइल – शाप की वरदान’. हे विषय वाईट नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे. त्यांवर काय लिहायचे हे गटातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. पाच गटांच्या पाच तक्त्यांवर पालकांचे सहकार्य, लोकसहभाग, तंत्रज्ञानाचा सुयोग्य वापर आणि आनंददायी वातावरण एवढ्या चार गोष्टी वेगवेगळ्या रंगांत उमटतात. सादरीकरण होते, टाळ्या होतात, छायाचित्रे अहवालाला जोडली जातात.

चर्चेचा विषय कसा निवडावा, हा म्हणूनच वाटतो तितका किरकोळ प्रश्न नाही. ज्याचे उत्तर व्यासपीठावरील माणसाला ठाऊक आहे तो पाठाचा विषय झाला, चर्चेचा नव्हे. चर्चेला असा प्रश्न लागतो की ज्याच्या उत्तराचा एक तुकडा तरी समोर बसलेल्या शिक्षकापाशी आहे आणि तो अन्य कुणापाशी नाही. शिवाय त्या खोलीत त्यावर खरोखरचा मतभेद असला पाहिजे. ठरवून दोन बाजूंना बसवलेल्यांचा लुटुपुटूचा नव्हे.

असा एक विषय महाराष्ट्राच्या हाती सहा-सात वर्षांपूर्वी आपोआप आला होता. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात संख्यावाचनाची पर्यायी पद्धत आली. एकवीस, बावीस या रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन सुचवले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष, आता दिवंगत, मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारणही स्पष्ट केले होते. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे आणि त्यांचा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, म्हणून ही सोय. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत. तरीही गदारोळ उठला. वाहिन्यांवर विनोद झाले, विधिमंडळात कोट्या झाल्या, मराठी भाषेवर घाला आल्याची भाषा झाली. या सगळ्यात दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकांना कुणी फारसे विचारले नाही. खरे तर या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आधी त्यांचा होता.

प्रश्न किती खोल आहे ते पाहण्यासारखे आहे. मराठीत पासष्ट म्हणताना पाच आधी येतात आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. मूल ऐकते त्या क्रमाने लिहिले तर ६५ चे ५६ होतात. कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजीत ही अडचण येत नाही, कारण तेथे दशक आधी उच्चारला जातो. त्यातून एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे आणखी वेगळी. तीस कानावर पडते, पण लिहायचा असतो दोनाचा दशक. बावन्न, त्रेपन्न, पंचावन्न यांत पन्नास हा शब्द ओळखू येण्याजोगाही राहिलेला नाही. एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’चा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला येऊन मोडतो. मोठ्यांच्या जिभेवर हे इतके रुळलेले असते की त्यात काही अवघड आहे, हेच लक्षात येत नाही.

आता याच गोष्टीचे चर्चेच्या विषयात दोन प्रकारे रूपांतर करता येईल. ‘संख्यावाचनाची नवी पद्धत – योग्य की अयोग्य’ असा विषय दिला, तर खोलीत दोन तट पडतील आणि वाहिन्यांवरचा वाद पुन्हा रंगेल. याउलट प्रश्न असा ठेवला: तुमच्या वर्गातील मुले ५६ आणि ६५ यांची अदलाबदल ऐकून लिहिताना करतात की पाहून वाचताना? जे मूल वहीत चुकते, ते सुटे पैसे मोजतानाही चुकते का? ज्या मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांची चूक वेगळी असते का? – तर प्रत्येक शिक्षकाला आपला वर्ग आठवावा लागेल. सोलापूरच्या एखाद्या शाळेतील बाईंकडे या शेवटच्या प्रश्नावर जे उत्तर असेल, ते पुण्याच्या तज्ज्ञाकडे नसेल. आणि उत्तर आठवत नसेल तर, ‘पुढच्या महिन्यात वह्या घेऊन येते,’ असे म्हणण्याची सोय आहे. चर्चा पुढे चालू राहण्याची शक्यता तेथे निर्माण होते.

इतक्या बारीक प्रश्नावर शिक्षक तासभर बोलतील का, अशी शंका कुणी घेईल. जपानमधील शिक्षक याहून बारीक प्रश्नांवर काही आठवडे बोलतात. तेथील ‘जुग्यो केनक्यू’ म्हणजे पाठ-अभ्यास या प्रथेची ओळख जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हिबर्ट यांच्या १९९९ मधील पुस्तकामुळे जगाला झाली. शाळेतील शिक्षकांचा गट एकच पाठ निवडतो, तो मिळून आखतो, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि नंतर पाठ पुन्हा घडवला जातो. पहिलीत हातच्याची वजाबाकी शिकवायची, तर पहिल्या उदाहरणात कोणत्या दोन संख्या घ्याव्यात, यावर तेथे दीर्घ खल होतो. तेरातून नऊ वजा करायला दिले तर मुले एका वाटेने जातात, बारातून सात दिले तर दुसऱ्या. बाहेरच्याला हा काथ्याकूट वाटेल. शिकवणाऱ्याला मात्र त्यात आपल्या कामाचे मर्म सापडते. अर्थात, जपानी शिक्षकाला या कामासाठी शाळेच्या वेळातच जागा मिळते. मराठी शाळेतील शिक्षकाला ती तशी मिळत नाही, हा फरक विसरून चालणार नाही.

वादग्रस्त विषय टाळावेत, असा सल्ला आयोजकांना हमखास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. पाचवी आणि आठवीच्या परीक्षांचे उदाहरण घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवण्यास बंदी केली. २०१९ च्या दुरुस्तीने ती राज्यांच्या मर्जीवर सोपवली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा परत आणली. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी तेच केले. ‘नापास करावे की नाही’ या विषयावर कोणत्याही शिक्षककक्षात पाच मिनिटांत आवाज चढतात, आणि निर्णय तर तेथील कुणाच्याच हातात नसतो. पण परीक्षा आणि पुनर्परीक्षा यांच्या मधले दिवस शिक्षकाच्या हातात आहेत. केंद्राच्या नियमात निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा आहे. पाचवीतील ज्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, त्याला या अवधीत काय शिकवायचे – पाचवीचा राहिलेला अभ्यास की वाचन? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातील सरकारी शाळांत पाचवीच्या सुमारे ४५ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. म्हणजे हा प्रश्न एखाददुसऱ्या मुलाचा नाही. आणि येथे मतभेद खरा आहे. मुलाला पुढच्या वर्गात ढकलण्यासाठी शिकवायचे की त्याला खरोखर जे येत नाही ते शिकवायचे, यावर दोन प्रामाणिक शिक्षक वेगवेगळी उत्तरे देतील.

तिसऱ्या भाषेचेही तसेच. पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर २०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये दोन शासन निर्णय निघाले, राज्यभर वादळ उठले, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. राजकीय पक्षांनी, साहित्यिकांनी, पालकांनी आपापली भूमिका मांडली. पहिलीच्या वर्गशिक्षिकेपाशी मात्र एक वेगळीच माहिती होती: वेळापत्रकात आणखी एक भाषा बसवायची झाल्यास चित्रकला, खेळ आणि मराठीचे वाचन यांतले नेमके काय कमी करावे लागेल. शिवाय पावरी, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलत शाळेत येणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते. मग तिसरी नेमकी कितवी, याचा हिशेब नंदुरबारच्या किंवा धारणीच्या शिक्षकाने मांडला असता, तर त्या वादाला थोडी जमीन मिळाली असती.

शहरी खासगी शाळांत जूनपूर्वीच्या कार्यशाळांना सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे वेड आहे. तेथेही ‘एआय – मित्र की शत्रू’ असाच साचा दिसतो. आठवीतल्या मुलाने घरून आणलेला निबंध यंत्राने लिहिलेला आहे अशी दाट शंका आली, पुरावा काहीच नाही आणि पालकसभा परवा आहे. अशा वेळी शिक्षकाने मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा? यावर कोणतीही खोली गप्प बसणार नाही.

मग असे विषय का निवडले जात नाहीत? आळस हे त्याचे उत्तर नाही. गुळगुळीत विषय सुरक्षित असतो. जिल्हा परिषद शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करणे त्यांना महागात पडू शकते. कार्यशाळा ही काही जाहीर सभा नव्हे, पण खोलीत गटशिक्षणाधिकारी बसलेले असताना ‘आमच्या वर्गात हे जमत नाही’ असे म्हणणारा शिक्षक हा फरक मोजत बसत नाही. ‘जमत नाही’ या शब्दांची नोंद कामचुकारपणा म्हणून होईल ही भीती त्याला असते, आणि ती नेहमीच निराधार नसते. त्यामुळे चांगल्या विषयाची पहिली अट विषयात नसून खोलीत आहे. ज्याने शिक्षकाचा गोपनीय अहवाल लिहायचा, त्याने गटचर्चेच्या तासाला बाहेर चहा घ्यावा, एवढी साधी व्यवस्थाही कुठल्या परिपत्रकात सापडत नाही.

आयोजकांची दुसरी भीतीही समजून घ्यायला हवी. शिक्षकांना मोकळे सोडले की चर्चा गाऱ्हाण्यांवर घसरते, हा अनुभव खोटा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली; प्रत्यक्षात माहिती भरण्याच्या कामांनी आणि निरनिराळ्या ॲपांनी शिक्षकांचा दिवस पोखरला. २०२४ मध्ये शासनाला शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी जाहीर करावी लागली, यातच सारे आले. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भर घातली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे त्याने बंधनकारक केले. वीस वर्षे शिकवल्यानंतर नोकरीच टांगणीला लागलेल्या माणसाला ‘आनंददायी शिक्षण’ या विषयावर तक्ता रंगवायला सांगणे यात एक प्रकारची क्रूरता आहे. पण याचा अर्थ कार्यशाळा संघटनेची बैठक व्हावी असा नाही. गाऱ्हाण्यांना वेगळा अर्धा तास देऊन, ती लिहून घेऊन, मग वर्गातल्या प्रश्नाकडे वळता येते. न दिल्यास ती प्रत्येक विषयात शिरतात, आणि काही शिक्षक त्यांच्या आडोशाने वर्गातल्या प्रश्नांपासून सुटकाही करून घेतात.

महाराष्ट्राला चांगल्या प्रश्नांची परंपरा नाही असे कुणी म्हणू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात काम करताना ‘आदिवासींमध्ये शिक्षणाची जागृती’ असा विषय घेतला नव्हता. मुले गुरे घेऊन रानात जातात, म्हणून शाळेत येत नाहीत; मग शाळा कुठे असावी, असा तो प्रश्न होता. कुरणशाळा त्यातून निघाली. अलीकडच्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे प्रयोग केले. राज्यभरातून शिक्षकांच्या सहली तेथे जाऊ लागल्या. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर ते लोण सर्वत्र पसरले. अनेक शाळांच्या फरशा रंगवल्या गेल्या, काड्यांचे दशक बांधले गेले. पण कुमठ्याच्या शिक्षकांनी आपापसात कोणते प्रश्न विचारले म्हणून ते त्या फरशीपर्यंत पोहोचले, हे बहुतेक ठिकाणी गेलेच नाही. उत्तराची नक्कल सोपी असते. ज्या शाळांत तो प्रश्न पुन्हा विचारला गेला तेथे काम टिकले; बाकीच्या ठिकाणी रंग उडाला.

जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौदा देशांतील १३९ सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम तपासले होते. जे कार्यक्रम कसोटीला उतरतात त्यांत विशिष्ट विषयावर भर, इतर शिक्षकांसमोर प्रत्यक्ष करून पाहण्याची संधी आणि नंतरचा पाठपुरावा अशा गोष्टी आढळतात; मोठ्या सरकारी कार्यक्रमांत नेमक्या त्यांचीच वानवा असते, असा त्याचा सारांश आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ने देशातील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुख हे लक्ष्य ठेवले आणि साथीच्या काळात ते ‘दीक्षा’ मंचावर गेले. चित्रफीत पाहावी, प्रश्नावली सोडवावी, प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. संख्या गाठण्यासाठी ही सोय उत्तम आहे, पण त्यात शेजारच्या शाळेतील शिक्षकाशी मतभेद होण्याची सोय नाही.

ती सोय केंद्राच्या शिक्षण परिषदेत आहे. जवळपासच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकांना आधार द्यावा, ही कल्पना कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळासमूहाच्या रूपाने मांडली होती, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचेच जे. पी. नाईक होते. दहा-पंधरा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा भेटतात, एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या गावातली मुले त्यांना ठाऊक असतात. पण येथेही विषयपत्रिका बहुधा छापून येते. अर्धा दिवस सूचना आणि माहिती-संकलनात जातो, आणि चर्चेला उरतो तो निघण्याच्या गडबडीतला पाऊण तास. त्यातही गटातील ज्येष्ठ मुख्याध्यापक बोलतात, शिक्षिकांकडे सुंदर अक्षर म्हणून लेखनाचे काम येते आणि नव्याने रुजू झालेला शिक्षण सेवक मान डोलावतो.

हे बदलण्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. केंद्रप्रमुखाने आठवडाभर आधी प्रत्येक शिक्षकाकडून नाव न लिहिता एक चिठ्ठी मागवावी: या महिन्यात वर्गात न सुटलेली एक गोष्ट. पंचवीस-तीस चिठ्ठ्यांत पाच-सहा तरी एकाच गोष्टीबद्दल असतील. तो त्या महिन्याचा विषय. चर्चेला येताना तक्ता नको. मुलांच्या वह्या आणाव्यात. गटात पहिली दोन मिनिटे सर्वात नव्या शिक्षकाची असावीत. शेवटी प्रत्येकाने पुढच्या परिषदेपर्यंत आपल्या वर्गात काय करून पाहणार ते एका ओळीत सांगावे, आणि पुढच्या परिषदेची सुरुवात त्या ओळींनीच व्हावी. काही केंद्रांतून पहिल्या महिन्यात कोऱ्या चिठ्ठ्या येतील. दुसऱ्या महिन्यात बहुधा हातच्याची वजाबाकी येईल.